तू कादंबरीत गेल्यापासून

आई, यंदाचा उन्हाळा फार वाईट गेला. बाहेरून बघणाऱ्याला तसं वाटणार नाही. पाडव्यापासून मिरगापर्यंत मी एका जागी धड टिकले नाही. आज नांदेडच्या वाचनालयात, परवा लातूरला, तिथून मुरुड, मग निलंगा, की पुन्हा नांदेड. शाली, हार, नारळ. घरात नारळ इतके साठले की शेजारच्या चार दारांत वाटून आले. पहाटे उठून नवी कादंबरी लिहायची, दुपारी एसटीच्या तापलेल्या खिडकीशी बसायचं आणि संध्याकाळी लोकांसमोर उभं राहून जुन्या कादंबरीबद्दल बोलायचं. लोक म्हणतात, बाई, या वयात काय हा उत्साह तुमचा! आणि मी घरी येऊन पंख्याखाली फरशीवर आडवी पडते, तुझा चेहरा आठवायला बघते, तर तो येत नाही. फोटो येतो. स्टुडिओतला, हार घातलेला, तुला जो कधीच आवडला नव्हता तो. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, एवढं व्हायचंच, असं कुणीही म्हणेल. पण हे वर्षांनी केलेलं नाही. हे मी केलंय, लिहिता लिहिता, आणि दुसरं कुणी समजून घेईल असं वाटत नाही, म्हणून तुलाच सांगायला बसलेय.

तू गेल्यावर मी जी कादंबरी लिहिली, ती भूकंपानंतरच्या शाळेची आहे. तिच्यात एक विधवा मास्तरीण आहे, लातूरहून रोज निलंग्याच्या गाडीनं खेड्यावर जाणारी. गाव पहाटेच्या अंधारात झोपेतच गाडलं गेलं, शाळा पडली, अर्धे वर्ग नाहीसे झाले, आणि पुढं काही दिवसांनी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा पुन्हा भरली. ती तूच, हे सांगायला नकोच. पहिल्या दिवशी लेकरं शेडच्या आत यायला तयार नसतात. तेव्हा कादंबरीतली बाई त्यांना अंगणात पालथं झोपवते आणि म्हणते, जमिनीला कान लावा, ऐका, झोपली ती आता. हा प्रसंग मी नांदेडच्या स्वयंपाकघरात, वरणाचा कुकर लावलेला असताना रचला. लिहून झाल्यावर स्वतःवर फार खूश झाले होते. पुस्तक त्याच प्रसंगावर चाललं, आई. मराठवाड्यात मी जिथं जाईन तिथं कुणीतरी उठतं आणि मला जमिनीला कान लावून दाखवतं.

खरं काय झालं होतं ते तूच मला सांगितलं होतंस, एकदाच, आणि तेही मी खोदून विचारलं म्हणून. तू छडी घेऊन शेडच्या दारात उभी राहिलीस. ‘पत्रा हाय वर. पडला तरी मरत न्हाई कुणी. बसा गुमान.’ एवढं म्हणालीस आणि पाढे घेतलेस. घरी आल्यावर चपला काढल्या नाहीस, पाणी मागितलं नाहीस. उंबऱ्यावर बसून मिसरीची डबी उघडलीस आणि बोट दातांवर फिरवत दिवेलागणीपर्यंत समोरच्या भिंतीकडं बघत राहिलीस. मिसरीचं मी कादंबरीत घेतलं नाही. भाजलेल्या तंबाखूनं दात घासत बसणारी मास्तरीण वाचकाला कशी चालेल, असं वाटलं. छडीही घेतली नाही. मग उरलं काय तुझं त्यात? पातळाचा रंग आणि निलंग्याची गाडी.

तू असताना माझी एकच गोष्ट छापून आली होती, एका दिवाळी अंकात. तू ती मेथी निवडता निवडता वाचलीस. मग ताट बाजूला सारलंस, चष्मा कपाळावर चढवलास. ‘ही मीच की गं. पर मी अशी कुठं बोलते? “मनाला लावून घेऊ नकोस, बाळ” म्हणं. आसं मी कवा म्हणले तुला?’ मी म्हटलं, अगं, ती कथा आहे. ‘कथा आसू दे न्हाईतर पुराण. माझ्या तोंडात पुण्याच्या बाईचं बोलणं घालू नको. जमत नसंल तर मला गप बसव तिच्यात.’ मी तेव्हा रुसले होते. मोठी लेखिका झाल्यासारखी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते, आणि तू ते ओळखूनही ओळख दाखवली नव्हतीस. आज कुणीतरी तसं फटकारावं म्हणून जीव तळमळतो. हरकत घेणारं माणूस गेलं की लिहिणाऱ्याला रान मोकळं होतं, आणि मी त्या रानात इतकी लांब आलेय की तू दिसत नाहीस.

लातूर तुला आता ओळखू येणार नाही. आपण भाड्यानं राहत होतो त्या गल्लीत घरांवर मजले चढलेत, आणि प्रत्येक मजल्यावर खोल्याच खोल्या. जिकडं बघावं तिकडं क्लासच्या पाट्या, त्यांवर पोरापोरींचे फोटो आणि मार्क. आमच्या वेळी ट्यूशनला सायकलवर जायचो, आता पोरांच्या मागं आया येतात. गावी नवरा, शेत, सासू सगळं टाकून बाई इथं एक खोली करून राहते, दोन वर्षं, लेकीला गरम पोळी मिळावी म्हणून. लेक क्लासला गेली की दिवसभर करायला काही नाही. अशा वीस-पंचवीस बायका एका घरमालकिणीच्या वरच्या हॉलमध्ये दुपारी जमतात, पुस्तकं वाचतात. त्यांनी मला बोलावलं होतं. नवी कादंबरी याच बायकांवर आहे, म्हणून मी लगेच गेले. डॉक्टरकीची परीक्षा नुकतीच होऊन गेली होती, काहींची भांडी बांधून झालेली, आणि ज्यांच्या पोरांना पेपर अवघड गेला होता त्या कोपऱ्यात बसलेल्या.

त्यातली एक उदगीरकडची होती. ती म्हणाली, ‘ताई, माझी लेक पेपर देऊन आली तवापासनं भिंतीकडं तोंड करून पडलीय. जेवून न्हाई राहिली. तुमच्या आईनं तुम्हाला कवातरी आसं समजावलं आसंल ना? त्या तर लई समजूतदार.’ सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. तुला आठवत असेल, बारावीला माझे मार्क कमी पडले, डॉक्टरकीचा नंबर हुकला, तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘रड नंतर. आधी फारम कुठं मिळतो ते बघ.’ आणि मी त्या बाईला सांगितलं, आई माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली होती की मार्क तुझे आहेत, पण तू मार्कांची नाहीस. कुठून आलं ते वाक्य कोण जाणे. बोलायला उभं राहिलं की अशी वाक्यं मला आपोआप सुचतात, आता तर सवयच झालीय. बायकांनी ते लिहून घेतलं. एक-दोघींनी डोळ्याला पदर लावला. चार दिवसांनी त्या उदगीरकडच्या बाईचा फोन आला. ‘ताई, तुमच्या आईचं ते बोलणं सांगितलं लेकीला. उठून बसली. भात खाल्ला तिनं.’ पोरगी जेवली, ते बरंच झालं. पण त्या दिवशी लातूरहून परतताना अहमदपूरच्या पुढं मला एकाएकी ते वाक्य तुझ्या आवाजात ऐकू आलं. तुझ्याच आवाजात, घसा साफ करून बोलायचीस तसं. आणि ‘रड नंतर’ काही केल्या ऐकू येईना. मी गाडीत रुमाल तोंडाला लावून रडले. शेजारची बाई म्हणाली, गाडी लागती का ओ तुम्हाला, लिंबू देऊ?

तिथं तरी थांबायला हवं होतं, पण नवी कादंबरी मध्यावर आली होती आणि तिला रोज काहीतरी लागत होतं. लातूरच्या खोलीत राहणारी तिच्यातली आई उभी राहीना, तेव्हा मी तिला तुझी भांड्यांची मांडणी दिली. भूकंपानंतर घरोघरी करायचे तशी. उलटा तांब्या, त्यावर पेला, त्यावर वाटी, म्हणजे जमीन जराशी हलली तरी खणखणाट व्हावा आणि माणसानं बाहेर पळावं. गल्लीतल्या लोकांनी हिवाळा सरेपर्यंत ती मोडली. तुझी मात्र पुढं कितीतरी वर्षं स्वयंपाकघराच्या फळीवर होती, दिवसासुद्धा. एका दुपारी फळीवरचं काहीतरी काढताना माझा धक्का लागला आणि सगळं खाली आलं. तू भाकरी थापत होतीस. पीठ लागलेल्या हातांनी तू उठलीस आणि मागच्या दारानं पळालीस, थेट गल्लीत. मी आतच. तव्यावर भाकरी, तिचा वास येतोय, आणि मी उभी आहे. मग बाहेरून माझ्या नावानं तुझी हाक आली, फाटलेल्या आवाजात. तू परत आलीस, जळकी भाकरी उलथलीस आणि म्हणालीस, ‘पेला उचल.’ दुसऱ्या दिवसापर्यंत तू माझ्याकडं सरळ बघितलं नाहीस. मला राग तर आला नव्हताच, आई. साऱ्या गावाच्या लेकरांना दटावून शेडमध्ये बसवणारी तू, तुझ्या पायांनाच भीती बसली होती, आणि ती मला दिसली. त्या दिवशी मला तू जितकी जवळची वाटलीस तितकी कधीच वाटली नाहीस.

कादंबरीत लिहिताना मी आईला पळू दिलं. फक्त पळता पळता तिनं लेकीचं मनगट धरलं. एवढाच बदल. वाचकाला आईनं लेकीला टाकून पळालेलं सोसणार नाही, असं मनाला समजावलं. प्रकाशकांना ते पान फार आवडलं. आणि आता मला तो दिवस आठवला की मनगटाला ओलं पीठ लागतं. मी आत एकटी उभी होते हे मला माहीत आहे, पण ते आठवत नाही. आठवतं ते लिहिलेलं.

मग मात्र मी घाबरले. देगलूरचा कार्यक्रम रद्द केला आणि उदगीरला गेले, तुझ्या मैत्रिणीकडं. तुझ्याच शाळेवरची, रोज निलंग्याच्या गाडीत तुझ्या शेजारी बसणारी, जिला मी मावशी म्हणायचे ती. आता ती किल्ल्याकडच्या गल्लीत मुलाकडं असते. तुला रोजच्या रोज बघितलेलं, माझ्याशिवाय उरलेलं ते एकच माणूस. मी ठरवूनच गेले होते की आपण काही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, आणि तिच्याकडून तुला परत घेऊन यायचं. मावशी बाजेवर बसली होती, वाळून गेलीय अगदी. सुनेनं पन्हं आणून दिलं आणि ती दारातच थांबली. मी म्हटलं, मावशी, मला आईचं काहीतरी सांग.

‘काय काय सांगू, पोरी,’ मावशी म्हणाली. ‘शेडातली ती पहिली सकाळ तर मी मरेस्तोवर विसरायची न्हाई. लेकरं लटलट कापून राहिली होती. आत पाऊल टाकंनात. तुझ्या आईनं सगळ्यांला अंगणात पालथं झोपवलं अन् म्हणली, जमिनीला कान लावा. झोपली ती आता. मी शेजारीच हुते की. मी बी लावला कान.’

‘मावशी, ते माझ्या कादंबरीत आहे.’

‘हाव, हाय की. तुला तुझ्या आईनंच सांगितलं आसंल.’

‘नाही गं. ते मी मनानं रचलंय. आई छडी घेऊन दारात उभी होती. पत्रा पडला तरी मरत नाही म्हणाली होती.’

मावशी हसायला लागली. ‘छडी? तुझी आई? तिनं उभ्या जन्मात कुण्या लेकराला बोट लावलं न्हाई.’ आई, अर्ध्या निलंगा तालुक्याच्या तळहातांवर तुझे वळ होते. मी आवाज खाली घेतला आणि विचारलं, तुम्ही दोघी मधल्या सुट्टीत शाळेच्या मागं जाऊन मिसरी लावायचात, ते तरी आठवतं का? एकाच डबीतली? मावशीनं माझ्याकडं बघितलं. सून दारात आहे म्हणून ती लपवत असेल असं मला आधी वाटलं, मी मुद्दाम तिच्या डोळ्यांत बघत राहिले. तिथं लपवणं नव्हतं. ‘आमी मास्तरणी होतो गं,’ ती म्हणाली. ‘आमी कशाला मिसरी लावू? तुला दुसऱ्या कुणाचं आठवत आसंल.’

सून म्हणाली, ‘आत्याबाईंच्या डोळ्याचं आपरेशन झालं ना, तवा मीच वाचून दाखवलं तुमचं पुस्तक. दोनदा. रोज विचारायच्या, पुढं काय केलं माझ्या मैत्रिणीनं.’ मावशीनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. ‘माझी मैत्रीण मला परत दिलीस तू. लई पुण्य लागंल तुला.’ मी तिच्या पाया पडले आणि निघाले. ती इतकी समाधानी दिसत होती की तिच्याशी आणखी वाद घालायचं माझ्यानं झालं नाही. घालून उपयोगही नव्हता. मी जिला भेटायला आले होते, तिला मीच त्या घरातून घालवलेलं होतं.

परतीच्या गाडीत आणखी एक विचार आला, आणि तो अजून गेलेला नाही. मावशीचंच खरं असलं तर? तू खरोखरच त्या लेकरांना झोपवलं असशील, मला कधीतरी ओझरतं सांगितलं असशील, आणि मी विसरून मग ‘सुचलं’ म्हणून लिहिलं असेल तर? मग छडी कुठून आली? छडी मी रचली का, माझी आई वाचकांच्या आईपेक्षा वेगळी हवी म्हणून? मी शपथेवर सांगितलं असतं की छडी होती. पण मनगटाच्या पिठाबद्दलही मी आता शपथ घेईन. कुणाला विचारू? घरात आपण मायलेकीच, अण्णा तर भूकंपाच्याही आधी गेले. तुझी लेकरं, म्हणजे त्या शेडातली, आता चाळिशीला आली असतील, कुठं असतील, आणि त्यांनीही पुस्तक वाचलं असेल. माणूस एकदाच मरतं असं मी समजत होते. मी तुला दुसऱ्यांदा घालवलं, आई, आणि त्याबद्दल मला शाली मिळतात. हे वाक्यही चांगलं झालंय, बघ. मला स्वतःची किळस येते.

गेले आठ दिवस मी कुठं गेले नाही. मिरग लागला पण आभाळ कोरडंच आहे, गोदावरीकडून गरम वारा येतो, नवऱ्याला वाटतं मला ऊन लागलंय, तो ताक करून देतो. प्रकाशकांचे फोन येतात. शेवटचं प्रकरण अडलंय. निकाल लागल्यावर लातूरची खोली रिकामी करून मायलेकी गावी निघतात, तिथं मला आईचा एक साधा, पूर्ण दिवस हवाय, ज्यात काहीच घडत नाही आणि तरी ती सगळी दिसते. सगळे तुझे दिवस मी वापरून बसलेय. एक सोडून. एक दिवस अजून माझ्याकडं आहे, जो मी कुठल्या पुस्तकात घातलेला नाही, व्यासपीठावर सांगितलेला नाही, नवऱ्यालाही नाही. त्यात भूकंप नाही, शाळा नाही. तू त्या दिवशी विशेष चांगली वागलीस असंही नाही. पण त्यातलं तुझं हसू मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं, ओठ दाबून हसायचीस ते, आणि तेवढं एकच उरलंय. म्हणून तो मी इथं या कागदावरही लिहीत नाही. तुलाही सांगत नाही.

हे पत्र कुणाला धाडायचं नाहीच, तेव्हा एक गोष्ट कबूल करायला हरकत नाही. आज पहाटे टेबलाशी बसले आणि त्या दिवसाचं पहिलं वाक्य मला सुचलं. अजून लिहिलेलं नाही. पण चांगलं आहे, आई. फार चांगलं आहे.